एकेचाळिसावी ओळ

सहावं नाव बाबांचं होतं. पिसाळ सरांनी ते सावकाश वाचलं, “कैलासवासी यशवंत गणपत लोहोकरे.” मग एक श्वास घेऊन त्याच सुरात सातवं नाव वाचलं, “कैलासवासी द्वारका यशवंत लोहोकरे.”

द्वारका म्हणजे माझी आई. ती माझ्या उजव्या हाताला उभी होती.

ही दोन हजार सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. वाघेरी तालुका निवृत्त शिक्षक मंडळाची वार्षिक सभा कन्याशाळेच्या हॉलमध्ये भरली होती. सभेची सुरुवात श्रद्धांजलीनं व्हायची. सगळे उभे राहायचे, वर्षभरात गेलेल्यांची नावं कार्यवाह वाचायचे आणि शेवटच्या नावाला जोडूनच दोन मिनिटांचं मौन सुरू व्हायचं. त्यात कुणी बोलायचं नसतं. त्यामुळे अकरा नावांत पाच जिवंत बायकांची नावं निघाली तरी कुणी काही बोललं नाही. शेवटचं नाव होतं, “कैलासवासी नूरजहाँ इब्राहिम शेख.” आमच्या पुढच्या रांगेतल्या शेखभाभींनी पदर सावरत मागं वळून आईकडे पाहिलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघींनी माना खाली घातल्या आणि सगळ्यांबरोबर स्वतःसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभ्या राहिल्या.

पिसाळ सर घड्याळ हातात धरून होते. घोटाळा त्यांच्या ध्यानात कधी आला ते मला दिसलं. चाळीसेक सेकंद झाल्यावर त्यांनी नजर उचलली. ती आईवर पडली, हातातल्या कागदावर गेली आणि परत आईवर आली. उरलेला वेळ त्यांनी कसा काढला असेल कोण जाणे, पण मौन मोडलं नाही. शाळेतही त्यांचा तास घंटा झाल्याशिवाय सुटत नसे; मी त्यांच्याकडे इतिहास शिकले होते.

“बसून घ्यावं,” ते शेवटी म्हणाले.

आई बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. बाबा जूनमध्ये गेले होते. त्यानंतरचे आठ महिने ती दळण टाकायलासुद्धा घराबाहेर पडली नव्हती. आज सभेला आली ती मी पुण्याहून येऊन दोन दिवस मागं लागले म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आता हिला घरी न्यावं लागणार, असं मनाशी म्हणत होते, तेवढ्यात तिनं तोंडावरचा पदर काढला. ती हसत होती.

चहाच्या सुट्टीत पिसाळ सर हात जोडूनच आले.

“वहिनी, काय तोंड दाखवू तुम्हाला? यादी कॉम्प्युटरनं काढली. मी आपली वाचली.”

“मौन मात्र छान झालं, सर,” आई म्हणाली. “कुणी खोकलं नाही.”

शेखभाभी पोह्यांची बशी घेऊन येऊन पोचल्या. “सर, आमच्या ह्यांना कैलासवासी केलंत ते केलंत. निदान मला तरी पैगंबरवासी म्हणायचं. कैलासात मला कोण ओळखतंय?”

“भाभी, लाजवू नका. पेपरात येत होतं ना, दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर सालं चुकवणार म्हणून. त्यातलाच हा प्रकार.”

साल आमच्या कॉम्प्युटरनं बरोबर धरलं होतं. माणसं चुकवली होती.

पिसाळ सरांनी मग मला जरा बाजूला घेतलं, पण इतकंही बाजूला नाही की आईला ऐकू जाऊ नये. “वैजयंती, तू शिकलेली आहेस, तुला पटेल. तुझ्या बाबांविषयी मला आदरच आहे. पण प्रोग्रॅम त्यांचा. आणि हे जे झालं ते पत्नींची नावं आपल्या यादीत घुसडल्यामुळं झालं, हे तर उघड आहे. तीन वाजता दुसरं सत्र आहे. त्यात मी ठराव मांडतोय. पत्नींची यादी पूर्वीसारखी वेगळी.”

हे मला नीट सांगायला हवं. पूर्वी सभासद वारला की त्याच्या पत्नीचं नाव एका वेगळ्या वहीत जायचं. त्या वहीतल्या बायकांना मंडळाचं दिवाळीचं पत्र यायचं आणि सभेत मागच्या दोन बाकांवर जागा असायची. बोलता येत नसे, हात वर करता येत नसे. आदल्या वर्षीच्या सभेत बाबांनी भांडून ते बंद करवलं. “वेगळी वही कशाला? त्याही सभासदच,” एवढंच त्यांचं म्हणणं. तो त्यांनी मंडळात मांडलेला शेवटचा ठराव. वर्षभरात जे पाच विवाहित सभासद गेले, त्यांच्या पत्नी नव्या नियमानं थेट एका यादीत आल्या. बाबा स्वतः त्या पाचांतले एक निघाले, त्यामुळे आई त्या पाचजणींतली एक झाली.

“म्हणजे आम्ही पुन्हा मागच्या बाकावर,” आई म्हणाली.

“तसं नव्हे वहिनी. मान तोच राहील.”

“मान तोच, फक्त मत नाही.”

पिसाळ सरांनी चष्मा काढून पुसला. आई माझ्याकडे वळली. हसू गेलं होतं.

“वैजू, तुला येतं ना ह्यांचं ते? वर जाऊ या. तीन वाजायच्या आत काय झालंय ते बघ. ह्यांनी एवढं करून ठेवलेलं एका दुपारीत पुसलं जायला नको.”

“मीपण येते,” शेखभाभी म्हणाल्या. “मेले कशानं ते तरी कळू दे.”

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. शेवटचे तीन महिने बाबांना तो जिना चढवला नव्हता. कॉम्प्युटरवर आईनं जुन्या पडद्याचं शिवलेलं झाकण अजून तसंच होतं. आईनं ते काढून घडी घातलं आणि मांडीवर घेऊन बसली.

बाबा गणिताचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, एसटी स्टँडसमोरच्या क्लासात मुलांच्या बाकावर बसून ते फॉक्सप्रो शिकले आणि मंडळाच्या सभासदांची सगळी नोंद त्यांनी त्यात आणली. मराठी अक्षरं उमटावीत म्हणून साताऱ्याहून एक कार्ड आणून बसवलं. मी पुण्याला कॉलेजात मराठी शिकवायचे. दिवाळीत घरी आले की ते मला शेजारी खुर्ची देऊन बसवायचे, कारण आईला त्यात रस नव्हता आणि पिसाळ सरांना त्या यंत्राची भीती वाटायची.

एका मजकुरात दुसरा मजकूर दडलाय का, हे फॉक्सप्रोला विचारायचं तर मध्ये डॉलरची खूण टाकतात. बाबा ती खूण ‘पोटात’ अशी वाचायचे. “‘राम’ डॉलर ‘आराम’. म्हणजे आरामाच्या पोटात राम आहे का? विचार.” मशीन ‘खरं’ असं उत्तर द्यायचं. “आता हरामखोर विचार.” मशीन पुन्हा ‘खरं’ म्हणायचं. “बघ. हरामखोराच्याही पोटात राम असतो. मी म्हणत नाही, मशीन म्हणतंय.” एकदा मी ‘दिरंगाई’च्या पोटात ‘आई’ शोधायला लावली तर मशीन ‘खोटं’ म्हणालं. बाबांना केवढा आनंद झाला. “काना वेगळा, आ वेगळा. आपल्याला ऐकू येते, त्याला दिसत नाही. ते अर्थ बघत नाही, वैजू, अक्षरं बघतं.”

प्रोग्रॅमची छापील प्रत टेबलाच्या खणात होती. बाबांनी प्रत्येक ओळीला पेन्सिलीनं क्रमांक घातले होते. श्रद्धांजलीची यादी काढणारा भाग दुसऱ्या पानावर होता. मी बोट फिरवत एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत आले आणि थांबले.

“सापडलं?” आई म्हणाली.

“हो.” मी पडद्यावर तीच ओळ आणली. “हे बघ. प्रत्येक सभासदाच्या नावापुढं शेरा आहे. ज्याचा शेरा या वर्षात लिहिला गेलाय आणि ज्याच्या पोटात ‘मयत’ हा शब्द आहे, ते नाव यादीत.”

“पोटात कशाला? सरळ मयत लिहिलंय का तेवढंच बघायचं.”

“शेरे एकसारखे नसतात. कुणी लिहितं ‘मयत’, कुणी ‘दिनांक अमुक रोजी मयत’, कुणी ‘मयत, मुलाने कळविले’. म्हणून शब्द कुठंही असला तरी सापडावा असं त्यांनी केलं. पूर्वी ते बरोबरच होतं.”

“मग माझ्या शेऱ्यात काय आहे?”

मी तिची नोंद उघडली. तिनं चष्मा लावून वाचलं, “मयत सभासदाची पत्नी.”

“म्हणजे मेले हे,” शेखभाभी म्हणाल्या, “आणि धरलं मला.”

“त्यात ‘पत्नी’ पण लिहिलंय की,” आई म्हणाली. “तो शब्द नाही दिसला त्याला?”

“त्याला ते कुणी विचारलंच नव्हतं.”

आईनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट टेकवलं. “पण ह्यांचं असं चुकायचं नाही,” ती म्हणाली. “मुलांना दिलेलं गणित आधी दोनदा सोडवून बघायचे. एक यादी करा म्हणून भांडले ते हेच. मग हे लक्षात कसं आलं नाही?” तिची नजर माझ्या हातातल्या कागदावर आली. “तिथं कडेला काय लिहिलंय पेन्सिलीनं?”

“काही नाही. अक्षर लागत नाही.”

“ह्यांचं?”

मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. “आई, पावणेतीन झालेत. मला ओळ बदलू दे.”

एकेचाळिसाव्या ओळीपुढं मी एक अट जोडली: शेऱ्याच्या पोटात ‘पत्नी’ असेल तर ते नाव सोडून दे. यादी पुन्हा काढली. प्रिंटर कुरकुरत चालला आणि अकराच्या जागी सहा नावं निघाली. सहाही माणसं खरोखर गेलेली.

“आता आम्ही मरणार नाही ना?” शेखभाभींनी विचारलं.

“या मशिनमध्ये नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही,” मी म्हणाले आणि हसलेसुद्धा. जिना उतरताना त्या आईला म्हणत होत्या, “वहिनी, तुमची लेक म्हणजे कमाल आहे. दहा मिनिटांत अमर केलं.”

खाली दुसरं सत्र सुरू झालं होतं. पिसाळ सरांनी ठराव वाचला. सकाळच्या प्रकारानं सगळेच ओशाळलेले होते, आणि ओशाळलेली माणसं कुठल्याही ठरावाला लवकर हात वर करतात. अध्यक्ष अनुमोदन विचारणार तोच आईनं मला कोपरानं ढोसलं. मी उठून माइकपाशी गेले.

मी समजावून सांगितलं. वर्गात शिकवायची सवय होती, त्यामुळे तीन-चार वाक्यांत झालं. राम आणि आरामाचं उदाहरण दिलं. लोक हसले. आता यादी बरोबर येते म्हणून नवा कागद दाखवला. पत्नींच्या एका यादीत असण्याचा यात काही दोष नाही, एक ओळ बदलायची होती ती राहिली, असं म्हणाले.

“राहिली म्हणजे कुणाकडून?” मागून कुणीतरी विचारलं. वाईट हेतूनं नव्हे. शिक्षकांना चूक कुणाची हे वहीत लिहायची सवय असते.

हॉलमध्ये दीडशे माणसं होती. त्यांतल्या निम्म्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. आई चौथ्या रांगेत बसली होती, मांडीवर ते कॉम्प्युटरचं झाकण. घाईत ते तिच्या हातातच राहिलं होतं.

“बाबांकडून,” मी म्हणाले. “आजारपणात त्यांच्या ध्यानात आलं नाही.”

मग पिसाळ सर उभे राहिले. त्यांनी रुमालानं डोळे पुसले. “आठ वर्षं त्या माणसानं आपली यादी सांभाळली,” ते म्हणाले. “एक पैसा घेतला नाही. शेवटी एक ओळ राहिली असेल, तर ती आपण पोटात घालू. मी ठराव मागं घेतो.”

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत शेखभाभी हात उंच करून वाजवत होत्या. आईनं वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी घरी तिनं बऱ्याच दिवसांनी स्वतः पिठलं केलं. दोघींची ताटं वाढली, आणि भाकरी मोडायच्या आधी हात पुढं केला.

“कागद दे.”

“कुठला?”

“पर्समधला.”

मी आणून दिला. तिनं चष्मा लावला आणि कागद दिव्याकडे धरून मोठ्यानं वाचला. तिला वाचताना मध्ये थांबायची गरज पडली नाही. बाबांचं अक्षर फळ्यावर होतं तसंच कागदावर, मागच्या बाकावरूनही लागावं असं.

“‘एक यादी झाली की ही ओळ बदलणे. नाहीतर बायका सापडतील. जिना चढवत नाही. वैजूला फोनवर सांगितले, ११ एप्रिल. पुढच्या खेपेस करते म्हणाली.’”

अकरा एप्रिलला माझ्याकडे तपासायला साडेतीनशे पेपर होते. फोनवर बाबांचा आवाज बारीक झाला होता आणि ते एका ओळीबद्दल बोलत होते. मी मान आणि खांद्यात रिसीव्हर धरून गुण मांडत होते. मे महिन्यात मॉडरेशन आलं. पुढची खेप जूनमध्ये झाली, ती सरळ दवाखान्यात. तिथं त्यांनी ओळीचं विचारलं नाही. मला आठवण होती, मीही काढली नाही.

“लागतंय की अक्षर,” आई म्हणाली.

“आई, मी सभेत जे...”

“फोन मीच लावून दिला होता. ह्यांच्या बोटांत नंबर फिरवायची ताकद नव्हती. मी तिथंच बसले होते शेंगा सोलत.”

“तुला माहीत होतं? मग वर कार्यालयात का विचारत होतीस?”

“तू सांगतेस का ते बघत होते.”

पिठल्यावर साय धरायला लागली होती.

“मी उद्या पिसाळ सरांकडे जाते,” मी म्हणाले. “सांगते खरं काय ते.”

“काय सांगशील? त्या माणसानं एवढ्या लोकांसमोर रडत ह्यांना माफ केलंय. आता पुन्हा सभा बोलवायची, ह्यांना दिलेली माफी परत घ्यायची आणि तुला द्यायची?” तिनं कागद होता तसा घडी घालून मिसळणाच्या डब्याखाली सरकवला. “ती खूण कशी वाचायची म्हणालीस, ती डॉलरची?”

“पोटात.”

“मग डॉलर म्हणायचं आणि जेवायचं. गार होतंय.”

त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही. पण घराबाहेर मात्र पडायला लागली. मंडळाची सभा तिनं पुढं एकदाही चुकवली नाही. दर फेब्रुवारीत, सभेच्या दिवशी संध्याकाळी, तिचा फोन यायचा. “यादी ऐकून आले. यंदाही मी नाही.” दोघी हसायचो. मी एकदाही तिच्याबरोबर गेले नाही. फेब्रुवारी म्हणजे कॉलेजात तोंडी परीक्षांचे दिवस.

ती गेली दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरात, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. पुढच्या फेब्रुवारीत मी सभेला गेले. तोवर मी निवृत्त झाले होते, मला परीक्षा नव्हत्या.

हॉल तोच होता. पिसाळ सर केव्हाच गेले होते. कार्यवाह म्हणून मुळीक मॅडम होत्या, साठी उलटलेल्या, नीटनेटक्या. कॉम्प्युटर नवा होता, प्रोग्रॅमही नवा करून घेतला होता. सगळे उभे राहिले आणि मॅडमनी यादी वाचायला घेतली. नऊ नावं होती. क झाला, ज झाला, म झाला. मी हात जोडून उभी होते. मॅडम म वरून एकदम स वर गेल्या आणि यादी संपली.

आईचं नाव नव्हतं.

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. मौन सुरू झालं नाही. सगळे उभेच होते आणि कशाची तरी वाट बघत होते. बरेचजण चौथ्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीकडे बघत होते. ती खुर्ची रिकामी होती. मुळीक मॅडमनी टेबलावरून एक छोटी वही उचलली, घाईनं खाली उतरल्या आणि माझ्याजवळ आल्या.

“मॅडम, तुम्ही घेता का?” त्या कुजबुजल्या.

“काय?”

“पत्नींची नावं. ती छापील यादीत नसतात ना. यादी संपली की एका पत्नीनं उभं राहून ती तोंडानं घ्यायची, असा मंडळाचा नियम आहे. लोहोकरे सरांनी घालून दिलेला. वहिनींनीच आम्हाला सांगितलं होतं. इतकी वर्षं त्याच घ्यायच्या. नवा प्रोग्रॅम केला तेव्हा तो करणारे म्हणत होते, शेऱ्यात ‘पत्नी’ असेल तर नाव सोडायचं, ही काय अट, काढून टाकू. वहिनी म्हणाल्या, सरांची आहे, राहू द्या. यंदा मात्र आमच्या लक्षातच आलं नाही, घेणार कोण.”

मी वही उघडली. आईचं अक्षर. वरती साल, खाली नावं, प्रत्येक सालाला एक पान. पहिलं पान दोन हजार दोनचं होतं. त्याआधी बहुधा कुणी पत्नी गेली नसावी. कुठल्या पानावर तीन नावं, कुठल्यावर एकच. दोन हजार बाराच्या पानावर एकच होतं: ‘पैगंबरवासी नूरजहाँ इब्राहिम शेख’. ‘पैगंबरवासी’खाली तिनं रेघ मारली होती, वाचताना चुकू नये म्हणून.

शेवटच्या पानावर तिनं दोन नावं लिहून ठेवली होती, एक मार्चमधलं, एक जुलैमधलं. त्याखाली जागा मोकळी होती.

मी दोन्ही नावं वाचली. मग तिसरं न बघता म्हटलं, “कैलासवासी द्वारका यशवंत लोहोकरे.” आवाज शेवटपर्यंत पोचला. शिकवायची सवय होती.

वही परत घेताना मॅडमनी माझा हात दाबला. “फार विचार करून केलेला नियम आहे हो,” त्या म्हणाल्या. “लोहोकरे सरांचा.”

“लोहोकरे बरोबर आहे,” मी म्हणाले. “सर नाही. ती ओळ माझी आहे.”

त्यांना कळलं नाही. विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात अध्यक्षांनी घड्याळ लावलं होतं.

पुरी दोन मिनिटं. कुणी खोकलं नाही.